टुंड्रा आणि माळ : मोकळ्या मुलखाच्या छायाचित्रणाविषयी

प्रवरासंगमाच्या खाली, नेवासे आणि शेवगाव तालुक्यांच्या काठाने, नाथसागर जलाशयाचं पाणी हिवाळा सरता सरता मागे हटू लागतं. उघड्या पडलेल्या जमिनीवर शेतकरी गाळपेर करतात. ती पेर आणि पाणी यांच्या मधल्या ओल्या पट्ट्यात चिमणीएवढे, राखी-तपकिरी पक्षी घोळक्याने चरत असतात. फोटो काढायला आलेल्या बहुतेकांचं त्यांच्याकडे लक्ष जात नाही, कारण सगळ्यांच्या लेन्सा लांबवरच्या रोहितांवर रोखलेल्या असतात. हा दुर्लक्षित पक्षी म्हणजे छोटा टिलवा. वजन जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅम. स्कँडिनेव्हियाच्या उत्तर टोकापासून सायबेरियापर्यंत पसरलेल्या टुंड्रात, आर्क्टिक वृत्ताच्या आसपास आणि त्याच्याही पलीकडे, तो जन्मतो. तिथला उन्हाळा संपला की त्याची पिल्लं आईबापांच्या सोबतीशिवाय दक्षिणेला निघतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ती आपल्याकडच्या चिखलात उतरतात तेव्हा त्यांच्या पाठीवरच्या पिसांत इंग्रजी व्ही अक्षरासारखी पांढरी खूण ठळक दिसते. त्या वर्षी जन्मलेला पक्षी ओळखण्याची ती खूण आहे. दुर्बिणीतून ती दिसली, की आपण दोन-तीन महिन्यांपूर्वी आर्क्टिकमध्ये अंड्यातून बाहेर पडलेला जीव पाहतो आहोत हे नक्की समजावं.

आर्क्टिकला जाऊन वन्यजीवांचे आणि निसर्गदृश्यांचे फोटो काढायचे आहेत, तयारी काय करू, असं विचारणारे तरुण आता पुण्या-मुंबईतच नव्हे, तर नगर, संगमनेर, श्रीरामपूर इथेही भेटतात. ही प्रस्तावना त्यांच्यासाठी आहे. आणि जे कधीच जाणार नाहीत त्यांच्यासाठीही आहे. किंबहुना त्यांच्यासाठी थोडी जास्तच. मोकळ्या मुलखाचं छायाचित्रण हा एक स्वतंत्र विषय आहे, त्याची स्वतःची शिस्त आहे, आणि ती शिस्त शिकायला अहिल्यानगर जिल्ह्याइतकी चांगली जागा महाराष्ट्रात दुसरी नाही, असं माझं मत आहे. जिल्ह्याचं सरकारी नाव बदललं तरी बोलताना आपण ‘नगर’च म्हणतो, इथेही तसंच म्हणेन.

आपल्याकडचं वन्यजीव छायाचित्रण जंगलात वाढलं. ताडोबा, पेंच, कान्हा. तिथे फाटक असतं, जिप्सी असते, गाइड असतो आणि सगळ्यांचं मन एका वाघावर लागलेलं असतं. झाडी जनावराला लपवते आणि माणसालाही. माळावर यातलं काहीच नाही. जनावर एक किलोमीटरवरून दिसतं, पण त्याआधी त्याने तुम्हाला पाहिलेलं असतं. कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीचा काळवीट आणि आर्क्टिकमधल्या स्वालबार्डचा रेनडियर यांच्यात रंगरूपाचं साम्य शोधू नये, पण लपायला जागा नसलेल्या भूमीवर जगण्याची दोघांची तऱ्हा एकच आहे: डोळे लांबवर, पाय तयार, आणि सुरक्षित वाटेल तेवढं अंतर कायम. जंगलात मुरलेला फोटोग्राफर टुंड्रात पहिले काही दिवस गोंधळतो तो याच कारणाने. माळावर मुरलेला माणूस तितका गोंधळत नाही.

मराठी माणसाचं आर्क्टिकशी नातं अगदीच परकं नाही, हे जाता जाता सांगायला हवं. लोकमान्य टिळकांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ या ग्रंथात वैदिक उषासूक्तांतल्या लांबलेल्या पहाटेचा अर्थ ध्रुवप्रदेशाच्या आधारे लावला. त्यांचा मूळ सिद्धांत आज संशोधक मान्य करत नाहीत. पण ध्रुवाकडची पहाट कित्येक दिवस क्षितिजावर फिरत राहते, हे कधीही तिकडे न गेलेल्या माणसाने गणिताने इतकं नेमकं मांडावं याचं मला फोटोग्राफर म्हणून अप्रूप वाटतं. पुढे २००७ मध्ये भारताची पहिली आर्क्टिक मोहीम निघाली आणि १ जुलै २००८ रोजी स्वालबार्डमधल्या नी-ओलेसुन इथे ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र सुरू झालं. त्याचा कारभार चालतो गोव्यातून, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून.

टिळकांच्या त्या पहाटेपाशी थोडं थांबू, कारण उजेड हा या विषयाचा गाभा आहे.

नगर १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि स्वालबार्डचं मुख्य गाव लाँगइयरब्यन ७८ अंशांवर. या एका फरकातून सगळं निघतं. आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो आणि सरळ खाली उतरतो. मार्च किंवा सप्टेंबरमध्ये, दिवस-रात्र सारखे असताना, उगवलेला सूर्य सहा अंश वर यायला पंचवीस मिनिटं पुरतात. तिरप्या, पिवळ्या उजेडाची आपल्या वाट्याला येणारी मुदत तेवढीच. लाँगइयरब्यनला त्याच दिवसांत तेवढ्याच उंचीसाठी सूर्याला सुमारे दोन तास लागतात. जूनच्या अखेरच्या दहा दिवसांत तर तिथला सूर्य मावळतच नाही. भर दुपारी तो ३५ अंशांच्या फारसा वर जात नाही आणि मध्यरात्री साडेअकरा अंशांच्या खाली येत नाही. नगरला मात्र मेच्या मध्याला दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या उजेडात डोंगर सपाट दिसतात, गवताचा पोत मरतो आणि काळविटाच्या डोळ्यांच्या जागी नुसत्या खाचा उरतात.

यावर आर्क्टिकला गेलेले लोक परत येऊन सांगतात की तिकडे उजेडच वेगळा, म्हणून फोटो चांगले येतात. खरं आहे. पण मला त्यात एक तोटाही दिसतो. उजेड चोवीस तास चांगला असला की माणूस निवड करत नाही. दाबत सुटतो आणि थकतो. ज्याने कर्जतच्या माळावर पंचवीस मिनिटांत आधी कुठे बसायचं, वारा कुठून आहे, कळप कुठल्या बाजूने पाण्याकडे जाईल, हे ठरवायची सवय लावून घेतली आहे, त्याला दोन तास म्हणजे चैन आहे. तो त्यांचं सोनं करतो.

रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य १९८० चं. क्षेत्रफळ जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर, म्हणजे एखाद्या मोठ्या गावाच्या शिवाराहूनही लहान. फेब्रुवारीत तिथलं गवत वाळून कोऱ्या मांजरपाटाच्या रंगाचं होतं. त्या फिकट पार्श्वभूमीवर पूर्ण वाढलेला नर उभा राहिला की कॅमेऱ्याची परीक्षा होते. त्याची पाठ आणि मान काळीभोर, पोट आणि पायांची आतली बाजू पांढरीशुभ्र, डोळ्याभोवती पांढरं कडं, वर पिळदार शिंगं. कॅमेऱ्याचा मीटर समोरच्या सगळ्या दृश्याची सरासरी मध्यम करड्या रंगाला आणून ठेवतो, एवढंच त्याला कळतं. चौकटभर फिकट गवत दिसलं की तो उजेड कमी करतो; काळवीट कोळसा होतो आणि डोळा हरवतो. उजेड फार वाढवला तर पोटाचा पांढरा रंग जळतो. मग आधी पोटाचा पांढरा सांभाळायचा, हिस्टोग्राम उजव्या कडेला टेकू द्यायचा नाही, रॉ फाइलमध्ये शूट करायचं आणि पाठीचा काळा नंतर हळूच उघडायचा. हे एकदा हाताला बसलं की बर्फ अवघड राहत नाही. बर्फावर मीटर तीच गफलत करतो: पांढरं मैदान त्याला फार उजळ वाटतं, तो ते करडं करून टाकतो आणि अस्वल मळकट दिसतं. तिथे एक ते पावणेदोन स्टॉप वाढवावे लागतात. नियम एकच, उपाय दोन.

हवेचंही तसंच. मार्चमध्ये सकाळचे नऊ-साडेनऊ झाले की नाथसागराच्या काठावर जमिनीलगतची हवा थरथरू लागते. सहाशे मिलिमीटरची, काही लाखांची लेन्स लावली तरी पक्ष्याच्या कडा विरघळल्यासारख्या येतात, आणि नवखा माणूस लेन्स दुरुस्तीला पाठवतो. दोष लेन्सचा नसतो. गरम आणि गार हवेचे थर एकमेकांत मिसळताना प्रकाश वाकतो आणि मधलं अंतर जितकं जास्त तितका तो जास्त वाकतो. बर्फाळ समुद्रावरही हेच होतं, फक्त तिथे हवा गार आणि जहाजाचं डेक गरम असतं. उपाय दोन्हीकडे एकच: जनावर आपणहून जवळ येईपर्यंत थांबावं, नाहीतर कॅमेरा पिशवीत घालून नुसतं पाहावं. थंडीत बॅटरी लवकर उतरते म्हणून ती आतल्या खिशात ठेवायची, बाहेरून ऊबदार खोलीत शिरताना कॅमेरा बंद पिशवीतच ठेवायचा म्हणजे काचेवर दव धरत नाही, या गोष्टी कुठल्याही पुस्तकात मिळतील. त्यांवर इथे जागा घालवत नाही.

आता अंतराबद्दल. या विषयातली खरी विद्या हीच आहे.

स्वालबार्डमध्ये १ जानेवारी २०२५ पासून कायदा झाला आहे की ध्रुवीय अस्वलापासून किमान ३०० मीटर लांब राहायचं. १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर. पर्यटक, मार्गदर्शक, जहाजाचे कप्तान, सगळ्यांना तो लागू. त्यावर नाराजी व्यक्त करणारे व्यावसायिक फोटोग्राफर मी पाहिले आहेत. माझ्या मते कायदा योग्य आहे. तीनशे मीटरवरून अस्वलाचा चेहरा चौकटभर येत नाही हे खरं. पण बर्फाच्या अफाट पसाऱ्यात एक पिवळसर ठिपका, मागे हिमनदीची निळी भिंत, एवढं येतं. आणि तेच अस्वलाचं खरं चित्र आहे. चेहरा प्राणिसंग्रहालयातही मिळतो.

आपल्याकडे असा मोजून दिलेला आकडा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२, याच्या कलम २८ मध्ये अभयारण्यात प्रवेशाचा परवाना ज्या कारणांसाठी देता येतो त्यांत छायाचित्रण आहे, म्हणजे कायद्याने आपल्याला जागा दिली आहे. पण जिल्ह्यातले बहुतेक काळवीट, लांडगे, खोकडं अभयारण्याबाहेर राहतात: गायरानात, पडीत, ज्वारीच्या कडेला, धनगरांच्या वाड्यांच्या आसपास. तिथे फाटकही नाही आणि पहारेकरीही नाही. म्हणून काही जण जीप माळावर घालतात आणि कळप पळवून धुळीतला ‘ॲक्शन’ फोटो घेतात. मेमध्ये हे करणं म्हणजे त्या जनावराच्या अंगातलं पाणी काढून घेणं आहे. टिलव्याचं दुखणं आणखी सूक्ष्म. एप्रिलमध्ये तो उत्तरेला निघण्याआधी पोटभर खाऊन चरबी साठवत असतो, पाठीवर तांबूस रंग चढू लागलेला असतो, म्हणजे फोटोसाठी तो तेव्हाच सगळ्यात देखणा. आणि तेव्हाच त्याला उठवू नये. चिखलात पोटावर सरकत, थांबत, त्याने मान वर केली की आपण निश्चल होत पुढे जाता येतं. या कामात दोन तास जातात आणि कपडे वाया जातात. कपड्यांची फिकीर असेल त्याने निसर्गदृश्यांकडे वळावं.

अंतर राखण्याचा एक मार्ग म्हणजे स्वतः तिथे नसणं. या बाबतीत नगर जिल्हा जगाच्या नकाशावर आहे, पण आपल्याच लोकांना ते फारसं माहीत नाही. अकोले तालुक्यात, प्रवरेच्या पाण्यावर उभ्या असलेल्या उसात आणि मक्यात, विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंचलित कॅमेरे बसवले. २०१३ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून दिसलं की जंगल जवळपास नसलेल्या, दाट वस्तीच्या या शेतीच्या मुलखात शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे राहतात आणि जवळजवळ तितकीच तरसं. या फोटोंना कोणी बक्षीस दिलं नाही; त्यांत उजेडाची किमया नाही, बिबट्या बांधावरून चालला आहे एवढंच. पण माणूस आणि बिबट्या यांच्या सहवासाबद्दल जे बोललं जातं ते या साध्या चित्रांनी बदललं. पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत २००९ मध्ये पडलेला बिबट्या आठवा. रेडिओ कॉलर घालून त्याला माळशेजला सोडलं, तर तो सुमारे सव्वाशे किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे गेला. त्यालाच ‘आजोबा’ म्हणत. पुढे त्याच्यावर त्याच नावाचा सिनेमाही आला. त्याने रेल्वेमार्ग आणि रस्ते ओलांडले, आणि वाटेत कोणा माणसाला इजा केली नाही.

निसर्गदृश्यांबद्दल थोडक्यात, कारण त्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, घाटघरच्या बाजूला, पाऊस कित्येक हजार मिलिमीटर पडतो, आणि पूर्वेला तो पाच-सहाशेच्या आसपास येऊन अडखळतो. एकाच जिल्ह्यात कळसूबाईचं १,६४६ मीटरचं शिखर, रतनगड, सांदण दरी, १९२६ मध्ये पुरं झालेलं भंडारदऱ्याचं धरण, आणि दुसरीकडे निघोजला कुकडीच्या पात्रात गोट्यांनी घुसळून बेसाल्टमध्ये कोरलेले रांजणखळगे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर ढगांत दिसणारं गोल इंद्रवज्र विल्यम हेन्री साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच टिपून ठेवलं. त्यानेच १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. आपल्या माळावरचा एक तुरेवाला चंडोल आज त्याच्या नावाने ओळखला जातो. भंडारदऱ्याच्या काजव्यांबद्दल मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हिरड्या-बेहड्यावर हजारो काजवे लखलखत असलेला फोटो बहुतेक वेळा अनेक चौकटी एकावर एक ठेवून बनवलेला असतो. त्यात गैर काही नाही, पण तसं लिहावं. आर्क्टिकच्या ध्रुवप्रकाशाचंही तेच: कॅमेरा काही सेकंद उघडा ठेवल्यावर जो गडद हिरवा दिसतो तो बऱ्याचदा डोळ्यांना फिकट राखाडीच दिसलेला असतो. न सांगितलेली करामत पाहणाऱ्याला फसवते, आणि पुढच्या उन्हाळ्यात तो गाडी भरून माणसं घेऊन तो नसलेला उजेड शोधायला येतो.

फोटो हा शेवटी दस्तऐवज आहे, आणि याचं मला माहीत असलेलं सर्वांत विलक्षण उदाहरण आर्क्टिकमधलंच आहे. ११ जुलै १८९७ रोजी स्वीडनचे तिघे जण बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाले आणि तीन दिवसांत बर्फावर उतरावं लागून हरवले. १९३० मध्ये क्वितया बेटावर त्यांचे अवशेष सापडले आणि त्यांच्यासोबत, तिघांपैकी एक असलेल्या निल्स स्ट्रिंडबर्गने काढलेल्या फिल्मही. तेहेतीस वर्षं बर्फात राहिलेल्या त्या फिल्ममधून नव्वदहून अधिक चित्रं धुऊन निघाली: आडवं पडलेलं बलून, मारलेलं अस्वल, ओढगाडीला जुंपलेली माणसं. मागे राहिलेल्या रोजनिशीतल्या नोंदी त्या चित्रांशी जोडता आल्या, म्हणून आज त्यांच्याकडे नुसतं कुतूहल म्हणून पाहिलं जात नाही.

आपल्या माळावरून असंच काही निसटून गेलं आहे. माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं तेव्हा ते सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. आपले कर्जत, श्रीगोंदा आणि नेवासे हे तालुके त्यात होते. पुढे ते कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. पक्षी त्याहून वेगाने घटला. आज देशभरात माळढोक दीडशेच्या आसपास उरले असावेत आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात आहेत. नगरच्या माळावरचे माळढोकाचे जुने फोटो काही घरांत अजून असतील. ज्यांच्या मागे तारीख आणि शिवाराचं नाव लिहिलेलं आहे त्यांची किंमत मोजता येणार नाही. ज्यांच्या मागे काहीच नाही ते नुसते एका मोठ्या पक्ष्याचे फोटो आहेत.

माळ सरकारदरबारी ‘पडीक’ म्हणून नोंदला जातो आणि म्हणून तिथे झाडं लावली जातात, पवनचक्क्या आणि वीजवाहिन्या उभ्या राहतात. पवनचक्क्यांना माझा सरसकट विरोध नाही. सुपे-पारनेरच्या पठारावर संध्याकाळी त्या दिसतातही चांगल्या, आणि वीज आपल्यालाच हवी असते. पण माळावर काय राहतं हे कोणी दाखवलंच नाही तर तो रिकामा आहे असंच सगळे धरून चालणार. कुसळीच्या गवतात अंडी घालणारा डोंबारी चंडोल, सकाळी पाण्यावर थव्याने उतरणारी पखुर्डी, मेंढरांच्या मागे अंतर राखून चालणारा लांडगा, यांचे चांगले, नोंदींसह काढलेले फोटो आपल्याकडे फार थोडे आहेत. आर्क्टिकच्या अस्वलाचे लाखो आहेत.

स्वालबार्डला जाणाऱ्यांनी एक व्यवहाराची गोष्ट लक्षात ठेवावी: तो द्वीपसमूह शेंगेन क्षेत्राबाहेर आहे, पण जाता-येता नॉर्वेतून जावं लागतं, म्हणून व्हिसा दोन प्रवेशांचा घ्यावा. जायच्या आधीचा एक हिवाळा मात्र इथे घालवा. सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत नाथसागराचा काठ आणि पहाटे रेहेकुरी. अभयारण्यात शिरण्यापूर्वी वनविभागाची परवानगी काढून, आणि गावच्या शेतातून जायचं तर शेतकऱ्याला विचारून. प्रत्येक फोटोला तारीख, वेळ, शिवाराचं नाव आणि पक्षी काय करत होता याची एक ओळ जोडा. घरट्यावरचा फोटो असेल तर तो प्रसिद्ध करू नका. घरात माळढोकाचा जुना फोटो सापडला तर त्याच्या मागे आजोबांना विचारून, शक्य असेल तोवर, जागा आणि साल लिहून ठेवा.